उभ्या उभ्या हजेरी

गेल्या रविवारी भाचा जेवायला आला होता. बाणेरला राहतो, हिंजवडीत नोकरी करतो. वरणभात कालवता कालवता म्हणाला, “मावशी, आमची टीम आता सेल्फ-ऑर्गनायझिंग झाली.”

“अरे वा. काय काय केलंत?”

“आम्ही काही नाही केलं. मॅनेजरचा मेल आला.”

“मग फरक काय पडला?”

जरा थांबून म्हणाला, “आधी कॉलवर सांगायचे, कोणी काय करायचं ते. आता स्प्रिंट सुरू व्हायच्या आदल्या रात्रीच प्रत्येकाच्या नावावर तिकिटं चढवलेली असतात. सकाळी उघडून बघायचं, आपल्या वाट्याला काय आलंय.”

मला राग आला. त्या मॅनेजरचा कमी, या शब्दाची जी वाट लावली जाते आहे तिचा जास्त. मी १९ वर्षं याच सॉफ्टवेअरच्या धंद्यात काढली, त्यातली ११ टीम चालवण्यात. चांगली चाललेली टीम जवळून पाहिली आहे, आणि एक टीम माझ्या हातून बिघडलेलीही पाहिली आहे. त्यामुळे आजचं सदर मॅनेजर मंडळींसाठी. थोडं टीममधल्यांसाठीही आहे, पण ते नंतर.

सकाळच्या स्टँडअपपासून सुरुवात करू.

पावणेदहाची वेळ. १४ माणसं कोंडाळं करून उभी. मॅनेजर पडद्यापाशी, हातावर उघडा लॅपटॉप. नाव पुकारलं की एकेकाने बोलायचं : काल काय केलं, आज काय करणार, काही अडलंय का. बोलणाऱ्याची नजर मॅनेजरवर. उरलेले आपला नंबर येईपर्यंत मनात वाक्यं जुळवतात आणि नंबर होऊन गेला की मोबाइल काढतात. शेजारचा आत्ता काय म्हणाला, असं कोणालाही विचारून बघा, सांगता येणार नाही. पंधरा मिनिटांचं काम ५० मिनिटांवर जातं. आणि ‘काही अडलंय का’ याला चौदाही जणांचं उत्तर एकच : नाही. अडलेलं चारचौघांत कबूल केलं की दुपारी केबिनमध्ये बोलावणं येतं, हे तिथल्या सगळ्यात नव्या पोरालाही ठाऊक असतं.

याला हजेरी म्हणतात. रोजगार हमीच्या कामावर मस्टर घेऊन मुकादम उभा राहतो, तशी. तिथल्या मस्टरला निदान अर्थ आहे, त्यावर मजुराची मजुरी निघते. इथे पगार हजेरीवर नाही, कामाची अवस्था बोर्डावर आधीच दिसते आहे, मग ही हजेरी कशासाठी?

स्टँडअप काम करणाऱ्यांचं आहे. आज आपण एकमेकांच्या कामाशी काम कसं जुळवायचं, एवढं बोलायला ते असतं. ‘स्क्रम’ या कामाच्या पद्धतीचं गाइड लिहिणारे केन श्वेबर आणि जेफ सदरलंड यांनी त्याला १५ मिनिटं दिली आणि ते डेव्हलपरांसाठी आहे असं स्वच्छ लिहिलं. ते तीन प्रश्न तर त्यांनी नोव्हेंबर २०२० च्या आवृत्तीतून काढूनच टाकले. त्याच आवृत्तीत ‘सेल्फ-ऑर्गनायझिंग’ या शब्दाच्या जागी ‘सेल्फ-मॅनेजिंग’ आला : कोणी काय करायचं, कधी आणि कसं, हे टीमने आपसात ठरवायचं. आपल्याकडे मात्र तीन प्रश्न अजून भिंतीवर चिकटवलेले आहेत आणि ‘कोणी काय करायचं’ रात्री अकरा वाजता एक माणूस ठरवतो आहे.

तुमचं स्टँडअप कोणाचं आहे हे कळायला सोपी खूण आहे. तुम्ही रजेवर असता त्या दिवशी ते होतं का? होत नसेल तर ते तुमचं होतं.

‘सेल्फ-ऑर्गनायझिंग’ हा शब्द आला कुठून तेही बघू, कारण त्याचा अर्धाच भाग आपण उचलला. फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेतल्या यूटा राज्यात, स्नोबर्ड नावाच्या बर्फातल्या ठिकाणी १७ जण जमले आणि त्यांनी अजाइलचा जाहीरनामा लिहिला. त्यासोबत १२ तत्त्वं आहेत. उत्तम रचना आपलं काम आपण लावून घेणाऱ्या टीममधून येते, हे त्यातलं एक. ते प्रत्येक सादरीकरणात असतं. त्याच यादीत आणखी एक आहे : मनापासून काम करणारी माणसं घ्या, त्यांना लागेल ती परिस्थिती आणि आधार द्या, आणि ती काम पार पाडतील यावर विश्वास ठेवा. हे वाक्य टीमसाठी नाही, टीमच्या वर बसलेल्यांसाठी आहे. ते मी आजवर कुठल्याही मॅनेजरच्या पडद्यावर पाहिलेलं नाही.

त्याच्याही १५ वर्षं आधी, १९८६ मध्ये, हिरोताका ताकेउची आणि इकुजिरो नोनाका या दोन जपानी अभ्यासकांनी होंडा, कॅनन, फुजी-झेरॉक्स अशा कंपन्यांत नवी उत्पादनं कशी तयार होतात यावर एक लेख लिहिला. रग्बीतला स्क्रम तिथूनच या धंद्यात आला. त्यांनी सहा गोष्टी सांगितल्या. स्वतःला लावून घेणारी टीम ही त्यातली एक आणि तिच्या जोडीला दुसरी, हळुवार नियंत्रण. नियंत्रण नकोच असं ते कुठेही म्हणत नाहीत. ते कसं ठेवायचं ते सांगतात : माणसं नीट निवडा, मोकळं बोलता येईल अशी जागा करा, इंजिनिअरांना ग्राहकाकडे पाठवा, चुका होणार हे धरून चला, आणि मूल्यमापन गटाच्या कामावर करा. हे शेवटचं लक्षात ठेवा, मी त्यावर परत येणार आहे.

पण मला सगळ्यात जवळची वाटते ती गोष्ट जपानची नाही आणि अमेरिकेचीही नाही. ती अहमदाबादची आहे, आणि तिच्यात कॉम्प्युटर नाही.

साराभाईंच्या कॅलिको मिलमध्ये १९५२ साली नवे स्वयंचलित माग बसवले होते. माग आधुनिक, पैसे भरपूर ओतलेले, कामाचा शास्त्रशुद्ध अभ्यास करून प्रत्येकाला किती मागांचं काम झेपेल याचा हिशोब मांडलेला. तरी कापड अपेक्षेइतकं निघेना आणि निघालेलं पुष्कळसं खराब. १९५३ मध्ये लंडनच्या टॅव्हिस्टॉक इन्स्टिट्यूटचे ए. के. राइस तिथे आले. त्यांनी शेडमध्ये उभं राहून पाहिलं ते असं : २२४ माग आणि १२ प्रकारची कामं. विणणारा वेगळा, कांड्या भरणारा वेगळा, तुटलेले धागे सांधणारा वेगळा, तेल घालणारा वेगळा, झाडणारा वेगळा, कापड उचलून नेणारा वेगळा. एकेकाच्या वाट्याला माग वेगवेगळ्या संख्येने. म्हणजे विणकराचे सगळे माग एकाच कांडीवाल्याकडे नाहीत, आणि कांडीवाल्याचे सगळे माग एकाच विणकराकडे नाहीत. धागा तुटला तर कोणाला हाक मारायची, तर जो चार रांगा पलीकडे दुसऱ्याच कोणाच्या मागावर वाकलेला आहे त्याला. त्याला तुमच्या मागाचं काय पडलंय? त्याचा दोष नाही. त्याला कोणाशीच बांधलेलं नव्हतं.

आता हिंजवडीतली टीम डोळ्यांपुढे आणा. कोड लिहिणारा एकीकडे, टेस्टिंगवाली दोन प्रोजेक्टांत निम्मी निम्मी, डेटाबेसवाला पाच टीमांना मिळून एक, डिझाइनवाली बंगळुरूला. ७० वर्षं झाली, शेड तीच आहे.

राइस यांनी सुचवलं ते एका वाक्याचं होतं. मागांचा एक गट एका छोट्या माणसांच्या गटाला पूर्ण देऊन टाका, कामं त्यांची ते वाटून घेतील. ही कल्पना पर्यवेक्षकांशी बोलताना निघाली, आणि शेडमधल्या कामगारांपर्यंत पोचली तेव्हा त्यांनी ती आपली म्हणून उचलली. कोण कोणासोबत काम करणार, ते गट त्यांनीच पाडले. कोणी तज्ज्ञाने याद्या केल्या नाहीत. पहिले काही दिवस गाडं अडखळलं. मग बसलं. कापड वाढलं आणि खराब माल उतरला.

मला यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच आहे. त्या काळी गिरणीत जॉबर असायचा. मुंबईच्या गिरणगावात तर त्याच्याशिवाय पान हलत नसे. कामावर घेणारा तो, काढणारा तो, कामगाराला त्याची मर्जी राखावी लागे. कामगारांविषयीच्या रॉयल कमिशनने १९३१ च्या अहवालात या पद्धतीवर कडक टीका केली होती. अशा जगात वाढलेल्या, बहुतेक कमी शिकलेल्या कामगारांना विश्वासाने मागांचा एक गट सोपवला, तर त्यांनी तो नीट चालवून दाखवला. आणि आपण इंजिनिअरिंगची चार वर्षं शिकून आलेल्या पोरापोरींना आपलं तिकीट आपण निवडू देत नाही.

या गोष्टीला पुढचा भागही आहे आणि तो गोड नाही. १९७० च्या सुमारास टॅव्हिस्टॉकचेच एरिक मिलर परत जाऊन पाहून आले. एका ठिकाणी गटपद्धत १६ वर्षांनंतरही जवळजवळ जशीच्या तशी चालू होती. बाकीच्या ठिकाणी ती कमीअधिक ढासळत गेली होती. त्याच मालकाच्या गिरण्या, तीच कल्पना, तरी एकीकडे टिकली आणि दुसरीकडे नाही. मला त्यातून एवढंच दिसतं की अशी टीम एकदा उभी केली म्हणजे झालं, असं नसतं. बाहेरून रोज काहीतरी येऊन तिच्यावर आदळतं. ते अडवायला कोणीतरी दारात उभं असावं लागतं.

तो माणूस म्हणजे नेता. काम वाटणारा नव्हे.

हे मी शिकले ते माझ्या चुकीतून, ते सांगते. कंपनीचं नाव घेत नाही. आठ जणांची टीम, पैशांच्या व्यवहारांचं काम, मी त्यांची लीड. एस्टिमेटला, म्हणजे काम किती मोठं याचा अंदाज बांधायला, पत्ते टाकत असू. ही पद्धत जेम्स ग्रेनिंग यांची, २००२ ची. स्नोबर्डच्या सतरा जणांपैकी ते एक. प्रत्येकाच्या हातात एक, दोन, तीन, पाच, आठ, तेरा असे पत्ते, आणि सगळ्यांनी एकदम उघडायचे, म्हणजे कोणी कोणाचं पाहून आकडा टाकत नाही. त्या दिवशी एका कामावर सगळ्यांनी तीन किंवा पाच टाकले. सोलापूरकडची एक मुलगी होती, दीड वर्षाचा अनुभव. तिने तेरा टाकला.

मी म्हणाले, “तेरा? एवढं काय आहे त्यात?”

ओरडले नव्हते. हसूनच बोलले होते. पण तिने माझ्याकडे पाहिलं, पत्ता उचलला आणि त्या जागी पाच ठेवला. अंगठ्याने पत्त्याची कड सरळ करत राहिली. पुढचं काम घ्या, असं मी म्हणाले आणि आम्ही पुढे गेलो.

ते काम तीन आठवडे चाललं. आतमध्ये जुना कोड होता, दुसऱ्या कोणी तरी कधीकाळी लिहिलेला, एका जागी बदललं की चार जागी मोडणारा. रिलीज लांबली, क्लायंटकडून एस्केलेशन आलं, ती मुलगी दोन रात्री ऑफिसात होती. सगळं निस्तरल्यावर कॅन्टीनमध्ये मी तिला विचारलं, तुला कसं कळलं होतं गं? ती म्हणाली, “मॅम, मी तो कोड वाचला होता.”

आठ जणांत तिने एकटीने वाचला होता. आणि तिला गप्प करायला मला पाच शब्द पुरले.

त्यानंतर एस्टिमेटच्या वेळी मी खोलीत बसणं बंद केलं. पहिला महिना भयंकर गेला. दर तासाला कोणीतरी यायचं, “मॅम, हे कोण करणार?” मी विचारायची, तुमचं काय ठरलं? काहीच ठरलेलं नसायचं. एका स्प्रिंटमध्ये एकच काम दोघांनी केलं आणि एक काम कोणीच केलं नाही. माझ्या डिलिव्हरी मॅनेजरने मला बोलावून विचारलं की तुमच्याकडे चाललंय काय. मी म्हटलं, एवढा एक स्प्रिंट जाऊ द्या. त्यांनी दिला, याबद्दल मी आजही त्यांची ऋणी आहे. पुढच्या स्प्रिंटला टीमने आपणच बोर्डाला एक नियम लावला : एकाच्या नावावर एका वेळी एकच तिकीट, ते संपेपर्यंत दुसरं उचलायचं नाही. हा नियम पुस्तकांत आहे, मी त्यांना दहा वेळा सांगितलाही होता. माझ्या तोंडून तो कधी लागू पडला नव्हता.

मग मी दिवसभर करायची काय? हा प्रश्न मॅनेजरांना खरोखर भेडसावतो आणि त्याची थट्टा करण्याचं कारण नाही. काम वाटणं काढून घेतलं की हात रिकामे वाटतात, नोकरीची धास्ती वाटते. पण काम भरपूर आहे, आणि ते टीमला स्वतःला करता येत नाही असं आहे.

संशोधक रूथ वेजमन यांनी झेरॉक्स कंपनीत कॉपियर दुरुस्त करणाऱ्या तंत्रज्ञांच्या टीमा अभ्यासल्या. हा अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रश्न असा होता की आपलं आपण चालवणाऱ्या टीमचं बरंवाईट कशाने ठरतं : वरिष्ठ रोज शेजारी बसून करतो त्या मार्गदर्शनाने, की टीम मुळात कशी घडवली आहे त्याने? घडणीचं पारडं कितीतरी जड निघालं. ही खरोखरची टीम आहे का, तिला दिशा स्पष्ट दिली आहे का, काम एकमेकांवर विसंबून आहे का, बक्षीस गटाला मिळतं का, निर्णयाचा अधिकार हातात आहे का. आणि चांगल्या मार्गदर्शनाचा उपयोगही मुख्यतः नीट घडवलेल्या टीमलाच झाला.

हे वाचा आणि मग आपल्या कंपन्या पैसा कुठे घालतात ते बघा. मॅनेजरला दोन दिवस हॉटेलात नेऊन कोचिंग शिकवतात. सोमवारी तो परत येतो तेव्हा त्याच्या टीममधले दोघे दुसऱ्या प्रोजेक्टला हलवलेले असतात.

कारण टीमला आपण टीम म्हणतच नाही. रिसोर्स म्हणतो. “एक जावाचा रिसोर्स दे ना, तीन महिन्यांसाठी.” माणूस ५० टक्के इथे, ३० टक्के तिथे, २० टक्के तिसरीकडे. कागदावर शंभर भरतात. प्रत्यक्षात त्याला तीन स्टँडअप असतात आणि तिन्हीकडे त्याचा उशीर झालेला असतो. क्लायंट डोकी मोजून पैसे देतो म्हणून हे होतं, मान्य. पण मग त्या कराराशी भांडणं हेच मॅनेजरचं काम आहे. सहा महिने ही आठ माणसं हलवायची नाहीत, असं वरच्याला सांगणं हे काम आहे. ते अवघड आहे, त्यात वाईटपणा येतो. रात्री तिकिटं वाटणं सोपं आहे, म्हणून तेच केलं जातं.

आता ती मूल्यमापनाची गोष्ट. वर्षभर सांगायचं, तुम्ही एक टीम आहात. मार्चमध्ये त्याच दहा जणांना बेल कर्व्हवर चढवायचं आणि त्यातल्या एकाला पहिला, एकाला शेवटचा ठरवायचं. ज्या मुलाने तीन संध्याकाळी दुसऱ्याचा बग शोधण्यात घालवल्या, त्याच्या नावावर सिस्टिममध्ये त्या तीन संध्याकाळी शून्य दिसतं. पुढच्या वर्षी तो कशाला बसेल? त्याला घर आहे, हप्ते आहेत. स्टोरी पॉइंटांचंही तेच. टीमने आपल्यापुरता अंदाज बांधायला काढलेलं हे माप, आपण त्यावर दोन टीमांची शर्यत लावतो, माणसाचे पॉइंट मोजून पगारवाढ काढतो. रॉन जेफ्रीज हे या मापाचे बहुधा जनक. त्यांनी २०१९ मध्ये जाहीरपणे लिहिलं की ते मी काढलं असेल तर मला आता त्याचं वाईट वाटतं. आपल्या एचआरपर्यंत हे पोचायला हवं.

‘काय हवं’ हे सांगायला मात्र कचरू नका. इथेही घोळ होतो. टीमला मोकळीक द्यायची म्हणून काही मॅनेजर दिशाच देत नाहीत, तुम्ही ठरवा म्हणतात आणि महिन्याने हे नव्हतं सांगितलं म्हणून चिडतात. आपल्या गावाकडे इर्जिक असायची. एखाद्याचं रान अडलं की गावातली औतं आणि माणसं गोळा व्हायची आणि एका दिवसात काम उरकायची. रान कुठलं, पेरायचं काय, हे ज्याचं शेत तो सांगायचा. जेवण तो घालायचा. औत कोणी कुठून धरायचं हे त्याने सांगायची गरज नसे, ते औतवाल्यांना कळायचं. पण रान कुठलं तेच त्याने सांगितलं नसतं, तर पन्नास माणसं बांधावर उभी राहिली असती.

टीममधल्यांना सांगायचं होतं ते असं. मोकळीक मिळाल्यावर वाट बघत बसू नका. शाळेत, कॉलेजात आणि पहिल्या नोकरीत आपल्याला एकच सवय लागली : सांगा, मी करतो. ती जायला वेळ लागतो हे मला मान्य आहे, पण ती घालवायची तुम्हालाच आहे. स्टँडअपला नजर मॅनेजरकडे जाते ती कोणी बळाने वळवलेली नसते. ज्याच्या कामावर तुमचं काम अडलंय त्याच्याकडे बघून बोला. आणि टीममध्ये एखादा जण रात्री जागून सगळ्यांचं निस्तरत असेल तर त्याचं कौतुक करून थांबू नका, त्याच्या हातातलं काय आपल्याला शिकता येईल ते विचारा. तो सोडून गेला की काय होतं हे मी दोनदा पाहिलं आहे.

राहिलं रेट्रो. दर पंधरवड्याला टीम बसते आणि आपलं काय चुकतंय ते बोलते. सुधारणा म्हणतात ती होत असेल तर इथेच होते. आणि सगळ्यात आधी मरतं तेही हेच. माझ्या त्याच टीमचं सांगते. फळ्यावर चिकटवायच्या पिवळ्या चिठ्ठ्या असायच्या. एकदा मी मागच्या रेट्रोंचे फोटो सहज चाळत बसले. सलग पाच रेट्रोंत एक चिठ्ठी सारखीच होती : टेस्ट सर्व्हर. तो सर्व्हर दुसऱ्या एका टीमबरोबर वाटून घ्यायला लागायचा, ते लोक न सांगता त्यावर आपलं काही चढवायचे आणि आमचं टेस्टिंग अर्ध्यावर पडायचं. पहिल्या फोटोत चिठ्ठीवर तीन ओळी होत्या, कधी काय झालं त्याच्या तारखांसकट. पाचव्या फोटोत नुसते दोन शब्द होते, कोपऱ्यात. सहाव्यात चिठ्ठीच नव्हती. सर्व्हर तसाच होता. लिहिणाऱ्याने लिहिणं सोडलं होतं.

ते फोटो बघताना मला जेवढी लाज वाटली तेवढी त्या तेराच्या पत्त्याच्या वेळीही वाटली नव्हती. दुसऱ्या विभागाशी बोलून सर्व्हर मिळवणं टीमच्या हातात नव्हतं. माझ्या हातात होतं. मी त्या काळात काय करत होते तर दर शुक्रवारी सहा रंगांचा स्टेटस रिपोर्ट बनवत होते.

सात आठवडे लागले. दोन विभागप्रमुख, एक बजेटची फाइल, माहिती सुरक्षेवाल्यांच्या तीन बैठका. एका बैठकीत मला तासभर बाहेर बाकावर बसवून ठेवलं. शेवटी सर्व्हर आला. पुढच्या रेट्रोला कोणी त्याचं नाव काढलं नाही, पण त्या दिवशी फळ्यावर अकरा चिठ्ठ्या लागल्या. एरवी चार लागायच्या. सोलापूरच्या त्या मुलीने एकटीने तीन लावल्या, त्यातली एक माझ्याबद्दल होती : क्लायंटचा कॉल मॅम एकट्या घेतात, आम्हाला नंतर कळतं. खरं होतं. पुढच्या कॉलपासून टीममधले दोघे आळीपाळीने सोबत बसायला लागले.

संशोधक एमी एडमंडसन यांनी नव्वदच्या दशकात रुग्णालयांतल्या परिचारिकांच्या पथकांत औषध देताना होणाऱ्या चुका मोजल्या होत्या, तेव्हा चांगल्या पथकांत चुकांची नोंद जास्त निघाली. आधी त्याही चक्रावल्या. तिथे चुका जास्त होत नव्हत्या, सांगितल्या जात होत्या. तुमच्या रेट्रोत चिठ्ठ्या कमी होत चालल्या असतील तर मॅनेजरसाहेब, आनंद मानू नका. जुने फोटो काढून बघा, कुठली चिठ्ठी कधी गायब झाली ते.

भाच्याला मी हे सगळं सांगितलं नाही. जेवताना एवढं ऐकायला कोण बसतं. एवढंच म्हटलं, उद्या सकाळी तुझ्या शेजारी जो उभा असतो त्याच्याकडे तोंड करून बोल. “आणि सर काय म्हणतील?” त्याने विचारलं. मला त्याच्या सरांचं माहीत नाही. माझं सांगू शकते.

ती टीम सोडून मी दुसरीकडे गेले, त्याला दोन वर्षं झाली होती. काही कागद सह्यांसाठी म्हणून एका सकाळी त्या मजल्यावर गेले. स्टँडअप चाललं होतं. सोलापूरची ती मुलगी बोर्डाकडे बोट दाखवून एकाला सांगत होती की हे तू घेऊ नकोस, आधी माझ्यासोबत तो जुना भाग वाच. तो मान डोलावत होता. नवा मॅनेजर कुठे आहे ते मला कळेना. नंतर दिसला, मागे आपल्या जागेवर फोनवर कोणाशी तरी वाद घालत होता, आमची माणसं आत्ता देता येणार नाहीत म्हणून. मी बघत उभी राहिले, जरा जास्तच पुढे गेले असेन. नव्याने आलेला एक मुलगा, मला ओळखत नसलेला, वळून म्हणाला, “मॅम, जरा सरकता का? बोर्ड दिसत नाहीये.”

मी सरकले.